जळक्या मिंचोचे दोन शब्द

फादर एव्तिमना मी वाईट म्हणणार नाही. माणूस तरुण आहे, शिकलेला आहे, आमच्यात फादर लग्न करतात, आणि त्याची बायको माझ्याकडून कोबीच्या लोणच्याची कृती विचारून घेते आणि खरंच तशीच करते. पण त्या रविवारी जे काही झालं त्याचं मूळ तोच, हे मी त्याच्या तोंडावर सांगून टाकलंय. तेव्हा इथे सांगायला हरकत नाही.

मोठा उपास सुरू होण्याआधीचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्याकडे क्षमेचा रविवार. दुपारच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्ये सगळे भिंतीला लागून उभे राहतात. आधी फादर वाकतात, मग त्यांच्यामागून एकेक जण पुढे सरकत प्रत्येकासमोर वाकतो आणि म्हणतो, "मला क्षमा कर." समोरचा म्हणतो, "देवाने केली, मीही केली." मग गालाला गाल लावायचा आणि पुढच्या माणसापुढे जायचं. कशाबद्दल क्षमा, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. हीच त्यातली सोय. शेजारच्या त्सोनावहिनीची मी दर वर्षी क्षमा मागते. कशाबद्दल ते मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे, पण तोंडातून अवाक्षर नाही. त्यावरच आमचं शेजारपण टिकलंय.

त्या दिवशी फादर एव्तिम वेदीसमोर उभे राहून म्हणाले, "यंदा नुसतं पुटपुटू नका. निदान एकाला तरी एक खरी गोष्ट सांगा आणि मग क्षमा मागा. छोटी असली तरी चालेल."

माणसं बुटांकडे बघायला लागली. माझ्यापुढे डोना आजी उभी होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, कानाने ठणठणीत. ती मागे वळून मला म्हणाली, "नेदेल्का, याला विचार, सांगितल्यावर जिवंत घरी कोण पोचवणार?"

पण फादर स्वतःच सुरू झाले. डोना आजीसमोर वाकून म्हणाले, "आजी, मला क्षमा कर. तू कबुलीजबाबाला येतेस तेव्हा मला झोप येते."

"मलाही येते," आजी म्हणाली. "देवाने केली, मीही केली."

लोक हसले आणि तिथेच सगळे फसले. धीर आला. कुणी कुणाच्या बनित्सेला, म्हणजे थरांच्या चीज-पोळीला, चामड्याची चप्पल म्हटलं होतं, कुणी कुणाच्या कोंबडीला दगड मारला होता, तेवढ्यावर निभत होतं. मी त्सोनावहिनीला म्हटलं, "वहिनी, तुझ्या अंगणातल्या गुलाबाची फांदी मी न विचारता नेली." ती माझी खरी गोष्ट नव्हती, पण फांदीही मी नेलीच होती. ती म्हणाली, "ती मला दिसली होती," आणि गाल पुढे केला. रांग छान चालली होती. आणि मग माझा नवरा मिंचोदादासमोर येऊन थांबला.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिंचोदादा म्हणजे त्सोनावहिनीचा नवरा. आमच्या लग्नात आमच्या डोक्यांवर मुकुट धरणारा तोच, आमच्या मुलीचा धर्मबापही तोच. आमच्या दोघांना वडिलांच्या जागी. गावात त्याला जळक्या मिंचो म्हणतात, कारण गावाची भट्टी त्याने जाळली, असं गाव समजत होतं.

भट्टी सगळ्या गावाची असते. शरद ऋतूत घराघरातली आंबवलेली आलुबुखारं पिंपांतून तिथे येतात, पाळीपाळीने तांब्याच्या हंड्यात चढतात, आणि रकिया, म्हणजे आमची दारू, होऊन घरी जातात. त्या वर्षी भट्टीची जबाबदारी मिंचोदादाकडे होती. एका संध्याकाळी हंड्याचं झाकण उडालं, वाफेने पेट घेतला, छप्पर कोसळलं, आणि सगळ्या गावाची आलुबुखारं भट्टीसकट खाक झाली. मिंचोदादा आत बाकावर पिऊन झोपला होता. माझ्या नवऱ्याने, स्तामेनने, आगीत शिरून त्याला ओढून बाहेर काढलं. त्या हिवाळ्यात गावात दोन लग्नं सरबतावर झाली. गावच्या बँडमास्तरच्या मयताला लोकांना उकडलेल्या नासपतीचं पाणी दिलं. असा हिवाळा माणसं विसरत नाहीत.

तेव्हापासून मिंचोदादाने थेंबाला हात लावला नाही. नवी भट्टी बांधली तर गावाने त्याला तिच्या दारातसुद्धा उभं केलं नाही. तो चर्चमध्ये गायला लागला, आवाज चांगला आहे. आणि दर वर्षी क्षमेच्या रविवारी तो घरोघर जाऊन भट्टीबद्दल क्षमा मागायचा, नाव घेऊन, टोपी काढून. आमच्या गावात कशाबद्दल ते सांगून क्षमा मागणारा तो एकटाच होता. डोना आजीने त्याला चौथ्या वर्षी माफ केलं, तेही कुरकुरत.

आणि स्तामेन? तो गावाचा वीर झाला. वाचनालयात त्याचा फोटो लागला, हातात बादली, तोंडाला काजळी. दर शरदात आगीच्या दिवशी मिंचोदादा एक कोंबडा घेऊन आमच्याकडे यायचा, स्तामेनला मिठी मारायचा आणि "माझा जीव तुझा आहे रे" म्हणून डोळे पुसायचा. आणि दर वर्षी त्या दिवशी स्तामेनच्या पोटात दुखायचं. कोंबडा आम्ही बाकीचे खायचो. मी समजत होते, त्याला कोंबडा सोसत नाही.

तर स्तामेन मिंचोदादासमोर वाकला आणि वर उठेचना. मला वाटलं, कंबर धरली. मग त्याचा आवाज आला, आणि आमच्या चर्चचा घुमट असा आहे की कुजबुजलेलंही दारापर्यंत ऐकू जातं.

"दादा, मला क्षमा कर. भट्टी तू नाही जाळलीस. मी जाळली."

मिंचोदादा हसला. "स्तामेन, लहानशी चालेल म्हणालेत फादर. एवढी मोठी बनवून कशाला सांगतोस?"

"बनवत नाही. तू झोपण्याआधी जाळ नीट मंद केला होतास. मला म्हणालास, याच्यावर लक्ष ठेव, लाकूड घालू नकोस. तुला आठवत नाही, फार झाली होती तुला. मी लाकूड घातलं. सुकं, पाइनचं, हातभर. लवकर उरकावं म्हणून."

"कशाला लवकर?"

"नेदेल्काने लवकर घरी ये म्हणून सांगितलं होतं."

सगळं चर्च माझ्याकडे वळून बघायला लागलं. वेदीच्या पडद्यावरचे संतसुद्धा माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. मी आयुष्यात हजारदा त्याला लवकर घरी ये म्हटलंय आणि तो हजारदा उशिरा आलाय, आणि ऐकायचं ते नेमकं त्या दिवशी ऐकायचं होतं.

"झाकण उडालं तेव्हा मी पळालो," स्तामेन म्हणाला. "कुंपणापर्यंत गेलो. मग तू आत आहेस हे आठवलं, म्हणून परत आलो. लोक आले तेव्हा मी तुला ओढत होतो. ते म्हणाले, मिंचोने जाळली आणि स्तामेनने वाचवलं. मी काही बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू, करता करता अठरा वर्षं झाली. मग तो फोटो लागला."

डोना आजी मोठ्याने म्हणाली, "म्हणजे बँडमास्तरला नासपतीच्या पाण्यावर याने पाठवला."

कुणीही हसलं नाही. मिंचोदादाचा चेहरा मी बघत होते. राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळला होता, घरात शिरून आपल्याच घरातलं सामान हललेलं दिसावं तसा. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, चर्चमध्ये आहोत म्हणून पुन्हा काढली. सवयीने तोंडातून शब्द आले.

"देवाने केली," तो म्हणाला.

आणि थांबला. आम्ही सगळे उरलेल्या दोन शब्दांची वाट बघत होतो. फादर एव्तिमचे ओठसुद्धा आपोआप हलले, "मीही केली," असे. मिंचोदादाने ते बघितलं, स्तामेनला बाजूला सारलं आणि दारातून निघून गेला. त्याच्यामागे त्सोनावहिनी गेली. जाताना तिने माझ्याकडे असं बघितलं की गुलाबाची फांदी मला परत नेऊन द्यावीशी वाटली.

घरी येताना मी नवऱ्याच्या दहा पावलं पुढे चालत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी बादलीवाल्या वीराची बायको म्हणून जत्रेत पुढच्या बाकावर बसले होते. मला तो बाक आवडायचा.

स्तामेन सरळ घरी आलाच नाही. वाचनालयात गेला, फोटो खिळ्यावरून काढला आणि काखेत मारून आणला. स्वयंपाकघरातल्या सरपणावर टाकला आणि माझ्यासमोर बसला. मी बनित्सेचे थर लावत होते. उपासाच्या आधीचं शेवटचं चीज, शेवटची अंडी, पदार्थ तर करायला हवाच. पीठ मी जरा जास्तच आपटलं.

"म्हाताऱ्या फादरना मी तेव्हाच कबुलीजबाबात सांगितलं होतं," तो म्हणाला. एव्तिमच्या आधीचे फादर, आता देवाघरी गेलेले. "ते म्हणाले, देवाने माफ केलं, आता जाऊन मिंचोला सांग."

"मग?"

"मला वाटलं, देवाला माफ करायला काय जातं? त्याची आलुबुखारं थोडीच जळली होती."

"आणि ते तुला पुरलं?"

"पुरलं असतं तर मी गॅस बघत बसलो असतो का?"

माझा हात थांबला. हा माणूस रोज झोपण्याआधी गॅस बघतो. एकदा बघून अंथरुणात येतो, पुन्हा उठतो, पुन्हा बघतो. परक्या गावी पाहुणे म्हणून गेलो तरी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बटणं चाचपतो. मी त्याला म्हातारी म्हणायचे. पाहुण्यांपुढे त्याची नक्कल करून दाखवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे, मिंचोदादा सगळ्यात जास्त. तोही हसायचा.

मला त्याची दया आली आणि त्याने इतकी वर्षं मला सांगितलं नाही याचा संतापही आला, दोन्ही एकदमच. मी म्हटलं, "ऊठ. संत्रं घे आणि दादाकडे जा." क्षमेच्या रविवारी संध्याकाळी धाकट्यांनी संत्रं घेऊन मोठ्यांच्या घरी जायचं असतं, हात चुंबून क्षमा मागायची असते.

"मी नाही जाणार. तो काय बोलायचं ते बोललाय."

"अर्धंच बोललाय."

"तेवढंच त्याच्याकडे असेल. मी मागायला जाऊन त्याला अडचणीत कशाला टाकू?"

मी एप्रन काढला, संत्रं उचललं आणि स्वतःच गेले.

मिंचोदादाच्या फाटकाशी पोचले तर आत जायला रांग. अर्धं गाव उभं होतं, प्रत्येकाच्या हातात संत्रं. तेव्हा मला उमगलं. ज्याने भट्टी जाळलीच नव्हती त्याला आम्ही सगळे इतकी वर्षं जळक्या म्हणत होतो. पोरांना सांगत होतो, मिंचोआजोबांसारखा पिऊ नकोस. आता माणसं आपापलं ओझं उतरवायला आली होती. दुकानातली संत्री संपली होती म्हणून मागून आलेल्यांच्या हातात लिंबं होती. सगळ्यात शेवटी आलेली डोना आजी कांदा घेऊन उभी होती. "माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली, "देव आकार बघत नाही."

अंगणात मिंचोदादा खुर्चीवर बसला होता. येईल त्याला "देवाने केली, मीही केली" म्हणत होता आणि संत्री टोपलीत टाकत होता. टोपली भरली म्हणून त्सोनावहिनीने कपडे धुवायचा टब आणून ठेवला होता. बाजूला फादर एव्तिम उभे होते, आपण पेटवलेल्या आगीकडे बघावं तसे. मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. डोना आजीचा कांदा टबात पडला, ती माझ्या शेजारून बाहेर गेली आणि अंगणात आम्ही चौघंच उरलो. मी काही बोलण्याआधीच मिंचोदादा फादरवर घसरला.

"फादर, मला एक सांगा. मी इतकी वर्षं पश्चात्ताप केला. उपास केले. गुडघे झिजवले. शरदात सगळं गाव रकियाच्या वासाने घमघमतं तेव्हा मी घरात बसून एल्डरच्या फुलांचा चहा पीत होतो. हा पश्चात्ताप आता परत कुणाला करू? जे पाप मी केलंच नाही त्याची क्षमा मी घेऊन बसलोय. तिचं करू काय?"

फादर म्हणाले, "तुम्हाला क्षमा मिळाली असं वाटलं होतं का कधी?"

"वाटलं होतं ना. चौथ्या वर्षी, डोना आजीने शेवटी हो म्हटलं त्या दिवशी. ओले बूट काढून चुलीपाशी पाय ठेवल्यासारखं वाटलं. त्या दिवसापासून चर्चमध्ये मान वर करून गायला लागलो."

"ते खोटं होतं?"

"खोटं कसं असेल? पण गुन्हा माझा नव्हता ना."

"तो नसेल. दुसरा एकही नव्हता?"

"याला कशाला विचारता, मला विचारा," त्सोनावहिनी ओट्यावरून म्हणाली. "भट्टीच्या आधी हा घरी कसा यायचा ते विचारा. माझ्या आईला काय बोलला होता ते विचारा. रात्री येऊन बकरीशी भांडायचा. ती क्षमा वाया गेली नाही म्हणावं, पुरून उरली नाही एवढंच."

मिंचोदादा जरा वरमला. फादरना तेवढ्याने धीर आला आणि तरुण माणसं करतात तसं त्यांनी एक पाऊल जास्त टाकलं. "मिंचोदादा, दुसऱ्याचा दोष निरपराध्याने वाहिला. ही गोष्ट आपण दर रविवारी सांगतोच ना?"

"फादर, ते देवाचे पुत्र होते. मी ट्रॅक्टर चालवतो. ते तिसऱ्या दिवशी उठले. मला आज सकाळीच दुकानात जळक्या म्हणून हाक मारली."

एक संत्रं टबातून घरंगळलं होतं, ते फादरनी उचलून परत ठेवलं. मला वाटतं, त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

मग मी पुढे झाले. संत्रं दिलं, दादाचा हात चुंबला. "दादा, मला क्षमा कर. मी तुझ्यामुळे पुढच्या बाकावर बसले."

"देवाने केली, मीही केली," तो म्हणाला. "तो कुठे आहे?"

"घरी. येत नाही म्हणतो. तुझ्याकडे अर्धंच असेल तर अर्धंच, म्हणतो." आणि मग मी त्याला गॅसचं सांगितलं. कोंबड्याचं आणि पोटदुखीचंही सांगितलं. मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मिंचोदादा मागून म्हणाला, "मी त्या नकलेला किती हसायचो गं."

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आमची मुलगी आणि जावई आले होते. बनित्सा झाली होती, अंडी उकडली होती. छताच्या तुळईला लाल दोरा बांधून त्याला अक्रोडाच्या पांढऱ्या हलव्याचा घट्ट तुकडा लटकवला होता. दोरा फिरवायचा आणि प्रत्येकाने हात न लावता तोंडाने हलवा पकडायचा, हा त्या संध्याकाळचा खेळ. पण दोरा कुणी फिरवेना. स्तामेन ताटाकडे बघत बसला होता. मुलीने त्याला विचारलं, "बाबा, खात का नाही?" तो म्हणाला, "पोट दुखतंय." मी फाटकाकडे कान लावून बसले होते आणि मलाच मी वेडी वाटत होते, कारण या दिवशी मोठा माणूस धाकट्याच्या घरी येत नसतो. धाकट्याने जायचं असतं. असंच चालत आलंय.

दार वाजलं. मिंचोदादा आत आला, खांद्यावर पोतं, मागे त्सोनावहिनी. पोतं त्याने जमिनीवर ओतलं. संत्री, लिंबं आणि एक कांदा.

"घरात पाय ठेवायला जागा नाही," तो म्हणाला. "खा."

स्तामेन उभा राहिला. सरपणावरचा फोटो मिंचोदादाला दिसला. त्याने तो उचलला आणि उजेडात धरला.

"हा का काढलास?"

"खोटा आहे म्हणून."

"मला बाहेर तू ओढलंस ना?"

"हो, दादा. ते खरं आहे."

"कुंपणापासून परत आलास ना?"

"आलो."

"मग मी खोटा कसा? मी जिवंत बसलोय की. बादली कशी होती?"

"रिकामी होती. कुणीतरी फोटोसाठी हातात दिली."

"मग बादली तेवढी कापून टाक," मिंचोदादा म्हणाला आणि फोटो माझ्याकडे दिला. मग तो दोऱ्यापाशी गेला, हलवा हातात घेतला आणि म्हणाला, "ये. तोंड उघड."

माझा साठीला टेकलेला नवरा, दाढीवाला, हात मागे बांधून लहान पोरासारखा उभा राहिला. मिंचोदादाने दोरा सोडला. स्तामेनने झेप घेतली, हलवा नाकावर आपटला. दादाने पुन्हा सोडला, या वेळी मुद्दाम उंच. स्तामेन उड्या मारत होता, दादा ऐन वेळी ओढून घेत होता. मुलगी हसायला लागली, जावई लागला, त्सोनावहिनी रुमालाने डोळे पुसत हसत होती. मी मात्र दादाकडे बघत होते. तो हसत नव्हता. तो चांगलाच वेळ खेळवत होता, आणि मला कळलं की जेवढा राग होता तेवढा तो तिथे काढत होता. स्तामेनलाही कळलं असावं. तो थांबला नाही. धापा टाकत, नाकाला साखर लावून, पुन्हा पुन्हा तोंड उघडत राहिला.

मग मिंचोदादाने दोरा धरला आणि स्थिर केला. हलवा स्तामेनच्या तोंडासमोर आला आणि हलला नाही. स्तामेनने घास घेतला. एवढा मोठा की त्याला बोलता येईना. नुसतं पाणी वाहत होतं डोळ्यांतून, दाढीत.

"मला चार वर्षं दारात उभं केलं होतं डोना आजीने," मिंचोदादा म्हणाला. "दारात उभं राहिल्यावर कसं वाटतं ते या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. मी तुला सकाळपर्यंतसुद्धा उभं करणार नाही. आणि आज दुपारपासून मी सगळ्या गावाला क्षमा वाटत बसलोय, माझा जबडा दुखायला लागला. त्सोना म्हणाली, एकाला आणखी दिलीस तर काय बिघडतं? देवाने तर तुला केव्हाच केली होती, तूच घेत नव्हतास गाढवा." त्याने स्तामेनच्या मानेवर हात टाकला, कपाळाला कपाळ लावलं. "मीही केली."

स्तामेन तोंडातल्या हलव्यासकट काहीतरी बोलला. कुणालाच कळलं नाही, पण दादाने मान हलवली.

मग जेवण झालं. स्तामेनने बनित्सेचे चार तुकडे खाल्ले, पोटदुखीचा माणूस. जावयाने भीत भीत दादासमोर रकियाचा पेला ठेवला. "आता काय हरकत आहे?" मिंचोदादाने पेल्याचा वास घेतला, जरासा ओठाला लावला, तोंड वाकडं केलं. "यासाठी मी इतकी वर्षं रडत होतो?" म्हणाला आणि माझ्याकडे एल्डरच्या फुलांचा चहा मागितला. मी चहा ठेवला. ती दोघं आणखी थोडा वेळ बसली, जाताना कांदा परत घेऊन गेली.

पाहुण्यांना पोचवून मी भांडी आवरेपर्यंत स्तामेन आत जाऊन आडवा झाला होता. मी गेले तर घोरत होता, तोंड उघडं, दाढीत साखर. मी त्याच्या शेजारी पडले आणि सवयीने वाट बघत राहिले. आता उठेल, मग पुन्हा उठेल. तो उठला नाही. कूससुद्धा बदलली नाही.

शेवटी मीच उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. चहाच्या भांड्याखाली गॅस मंद चालू होता. मी तो बंद केला, आणि त्याला काही सांगितलं नाही.